संपतरावांच्या पेपरला पुन्हा टाळ्या

अखिल-नीरा-भीमा-परिसर-लयविद्या-धुरंधर, वरकुटे-ग्राम-भूषण, टाळ-मृदंग-मर्मज्ञ, माध्यमिक-संगीत-शिक्षक-शिरोमणी, सकल-श्रोतृ-चित्त-तस्कर श्री. संपतराव हे माझ्यापेक्षा सरस होते.

हे वाक्य त्यांच्या हयातीत मी एकदाही उच्चारले नाही.

आज त्यांना जाऊन वर्ष झाले. आता उच्चारायला हरकत नाही. ऐकून मिशीत हसायला ते नाहीत.

आम्ही दोघेही शाळेत संगीत शिकवणारे. मी बारामतीजवळच्या सांगवीचा, ते इंदापूरकडच्या वरकुट्याचे. पन्नाशीच्या उंबरठ्यावर दोघांनाही एकाच वर्षी संगीत-शिक्षणात एम.ए. करण्याची दुर्बुद्धी सुचली.

आमच्या विभागात दरवर्षी विद्यार्थी आपापले संशोधन एकमेकांपुढे मांडतात. पहिल्या वर्षी माझा पेपर आधी होता.

'ग्रामीण माध्यमिक स्तरावरील लयबोध-विकसन-प्रक्रियेचे अधिष्ठानमूलक अनुशीलन.'

बेचाळीस स्लाइड.

प्रश्नोत्तरांत एकच प्रश्न आला. "सर, जेवणाची सुट्टी किती वाजता?"

मग संपतराव उठले. हातात एक वही. स्लाइड शून्य.

"आमच्या गावच्या भजनात पोरगं टाळ वाजवताना चुकलं, तर त्याला कुणी थांबवत न्हाय," ते म्हणाले. "रागवत बी न्हाय. शेजारचा म्हातारा गाता गाता त्याच्या गुडघ्यावर हात ठेवतो आन् हळूच ठेका देतो. पोरगं तालात आलं, की हात काढून घेतो. भजन चालूच असतंय. आन् आमी शाळेत काय करतो? 'थांब' म्हणतो. हितंच सगळं बिघडतंय."

गावोगावच्या भजनांत बसून, कोणाचा हात कोणाच्या गुडघ्यावर केव्हा पडतो आणि केव्हा उचलला जातो, हे त्यांनी वहीत टिपले होते.

प्रश्न थांबेनात. जेवण लांबले. ज्याने मला सुट्टीची वेळ विचारली, तो सद्गृहस्थ सर्वांत पुढे.

मला मत्सर वाटला, हे विधान अतिसौम्य होईल. मला ज्वर चढला.

कारण तो हात माझ्याही गुडघ्यावर होता.

सांगवीच्या भजनात, वयाच्या नवव्या वर्षी, माझ्या चुलत्यांचा. जड, तंबाखूचा वास येणारा. चाळीस वर्षे तो ठेका माझ्या गुडघ्यात मुक्कामाला होता आणि मी त्याला ग्रंथालयात शोधत होतो.

चहाच्या वेळी मी आशीर्वादपर स्वरात म्हणालो, "संपतराव, विषय बरा आहे. परिभाषा दुबळी आहे."

"व्हय, शास्त्रीबुवा. तुमची परिभाषा लई दणकट हाय. पोरं तिच्याखाली गावंनात."

दुसऱ्या वर्षी ते आजारी पडले. पेपर लिहून तयार, पण मांडायला जाणे शक्य नव्हते. दवाखान्यात त्यांनी ती वही माझ्या हातात दिली.

"माझा पेपर तुमीच वाचायचा."

"मीच का? आपल्या भक्तांची काय वानवा आहे?"

"ती समदी वाहवा करत्यात. तुमी जळता. म्हंजे तुमीच नीट ऐकलंय." मग बोट वर करून, "एक अट. तुमचं संस्कृत घालायचं न्हाय."

मी शब्द दिला.

पंधरा दिवसांनी ते गेले.

शब्द मी पाळला नाही.

वही घेऊन बसलो आणि 'गुडघ्यावरचा हात' याचे 'जानुस्पर्शाधिष्ठित लय-प्रत्यानयन' करून टाकले. सगळा पेपर असा सुसंस्कृत केला. हेतू स्वच्छ होता : टाळ्या पडल्याच, तर त्या माझ्या शब्दांना पडाव्यात.

विभागातल्या पेपरवाचनाला वरकुट्याहून त्यांचे थोरले बंधू तात्या आले. खाली बैठक. तात्या माझ्या शेजारी बसून नामगजर म्हणणार, मी टाळ वाजवत मधूनमधून वाचणार, अशी संपतरावांनीच वहीत लिहून ठेवलेली योजना.

सुरुवात उत्तम झाली.

मग तो शब्द आला. जानुस्पर्शाधिष्ठित. 'स्पर्शा'पाशी पोहोचलो आणि जीभ अडखळली. ताल सुटला. टाळ एकमेकांवर आपटत राहिले, पण सम कुठल्या तालुक्यात आहे, कळेना. समोर शंभर डोळे.

तात्यांनी गाणे थांबवले नाही. माझ्याकडे पाहिलेही नाही.

त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर आला.

एक. दोन. तीन. चार.

मी परत आलो. हात उचलला गेला.

माझे कागद मी बाजूला सरकवले आणि वहीतले उरलेले सगळे, जसे लिहिले होते तसे, संपतरावांच्या बोलीत वाचले. शेवटचे वाक्य होते, 'भजन चालूच असतंय.'

सर्वांना वाटले, हे ठरवून केलेले प्रात्यक्षिक. लोक उठून टाळ्या वाजवू लागले. सगळे त्या वहीकडे पाहत होते. माझ्याकडे एकही नाही.

"मास्तर," तात्या डोळे पुसत म्हणाले, "चुकलात ते बरं केलंत. न्हायतर लोकांना कळलं नसतं."

म्हणजे संगीत-शिक्षणाच्या क्षेत्रातील माझे एकमेव मौलिक योगदान हे, की मी संपतरावांच्या पेपरात योग्य जागी चुकलो.

संपतराव, वर्ष झाले. मी अजून जळतो. आणि हल्ली वर्गात पोरगं चुकलं, की 'थांब' म्हणत नाही. शेजारी जाऊन बसतो.

हे आपल्याला सांगायचे राहिले. आमचा साष्टांग नमस्कार, परिभाषेविना.

जाता जाता एक क्षुल्लक बाब. पहिल्या वर्षी माझा पंधरा फुटी एक्स्टेन्शन बोर्ड आपण 'उद्या देतो' म्हणून वरकुट्याला नेलात. शून्य स्लाइडवाल्याला बोर्ड कशासाठी हवा होता, हे विचारायचे राहून गेले. वहिनी म्हणतात, घरात तीन आहेत, ओळखा आणि घेऊन जा.

तिन्हींना काळी चिकटपट्टी आहे.

माझ्यालाही काळीच होती.