श्रीखंडाच्या डब्यातला बेवड

कुसुमच्या भावाचा, बाळूचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत श्रीखंडाच्या जुन्या डब्यातल्या मातीवर पाणी शिंपडत होते. "शैलाताई, आक्का गेली," एवढंच तो म्हणाला. मला अर्थच लागेना. त्या डब्यात हरभरे पेरून कुसुम नुकतीच तर माझ्याकडून गेली होती, आणि जाताना बजावून गेली होती, "ओल ठेव. आंघोळ घालू नकोस." झोपेतच गेली म्हणे... आता दीड महिना होत आला, तरी तो डबा जागचा हलवावासा वाटत नाही.

आम्ही शाळेत एका बाकावर होतो. पुढे मी शिक्षिका झाले आणि ती शेतकीची पदवी घेऊन पुण्याबाहेर मांजरी गावी वडिलांच्या उसात परतली. एकदा नारायण पेठेत आमच्या घरी पोहे खाताना ती आईला सहज म्हणाली, "आमच्याकडे सगळं बेवडावर असतं, काकू." आईनं मला आत ओढलं आणि कुजबुजली, "पोरगी गुणी आहे गं, पण घरात पितात वाटतं!" हे कळल्यावर कुसुमला हसता हसता ठसका लागला. बेवड म्हणजे आधीचं पीक पुढच्या पिकासाठी जमिनीत जे ठेवून जातं ते. हरभऱ्याचा बेवड चांगला, उसाचा जड. आईनं तिला जास्तीचा लाडू दिला, बहुधा प्रायश्चित्त म्हणून. पुढे कुसुम माणसांनाही हाच शब्द लावायची. माझे यजमान गेले आणि मी येणाऱ्याजाणाऱ्यावर खेकसू लागले, तेव्हा फक्त तिलाच राग आला नाही. "सगळा कस ओढून घेतलाय गं तुझा. थोडी पडीक राहा," म्हणाली, आणि स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला.

वडिलांनंतर शेत तिच्या धाकट्या भावाकडे, बाळूकडे आलं. उसामागून ऊस. युरियानं उसाबरोबर तणही माजायचं आणि खुरपायला बायका मिळेनात, कारण त्या आयटीवाल्यांच्या नव्या टॉवरमध्ये कामाला जाऊ लागल्या होत्या. मग तणनाशक, दरवर्षी थोडं जास्त. बाळूला तरी काय बोलणार? हळूहळू बरीच जमीन त्यानं बिल्डरला दिली. विहिरीकडचा तुकडा तेवढा कुसुमनं मागून घेतला, ऊस मोडला आणि हौसेनं हरभरा पेरला. तो उगवला झकास, आणि मग पानं कडेकडेनं पिवळी पडत गेली. "जमीन मेली, आक्का. हे बी देऊन टाकू," बाळू म्हणाला. "मेली नाही रे. उसातलं औषध विसरली नाहीये अजून." मग त्या औषधाला न घाबरणारी ज्वारी तिनं घेतली, शेणखत घातलं, ताग पेरून फुलावर आल्यावर खत म्हणून मातीतच गाडला. बाळूनं अखेर अट घातली. यंदा हरभरा हिरवा राहिला तर तुकडा ठेवायचा, नाहीतर सही करायची.

म्हणून पेरणीआधी ती रानातली माती डब्यात घेऊन माझ्याकडे आली. शेजारच्या डब्यात माझ्या कुंडीतली माती भरली. "तुझ्या मातीला पूर्वायुष्य नाही. ताडून बघायला बरी," म्हणाली. दोन्हींत हरभरे टोचले. "उगवतात सगळेच, शैले. पिवळे पडायचे ते नंतर पडतात." आणि ती स्वतः त्या 'नंतर'साठी थांबली नाही. मला तिचा भयंकर राग आला. रोज सकाळी चष्मा लावून मी पानांच्या कडा तपासायची आणि तिच्याशी भांडायची. पेरणी तिची, परीक्षा माझी.

पानं चांगली मोठी झाल्यावर बाळूला बोलावलं. तो गॅलरीत उकिडवा बसला, एकेक पान उलटून बघत राहिला. "ह्यातलं आमच्या रानातलं कुठलं?" त्यानं विचारलं. मलाही क्षणभर सांगता येईना. दोन्ही डबे सारखेच हिरवे होते. मी श्रीखंडाच्या डब्यावर बोट ठेवलं. त्यानं बाहीनं डोळे पुसले.

"बेवड चांगला हाय," तो म्हणाला. "रानात पेरणीजोगी ओल, वापसा हाय तवर उद्याच पेरून घेतो." उठताना त्यानं विचारलं, "डबा नेऊ का?"

मी नाही म्हणाले. रोज ओल ठेवते. आंघोळ घालत नाही.