सुईनंतर उठायचं नाही

वडिलांचं काळीज मधूनच उधळायचं. महाराष्ट्र होऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. अकोल्याच्या मोठ्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, हे बरं होणारं दुखणं नाही. उधळलं की शिरेतून औषध द्या, तेवढेच दिवस पुढे ढकलाल. म्हणून मलकापूरला घराजवळच्या डॉक्टरांकडे ते औषध आणून ठेवलेलं. सुई अगदी सावकाश द्यायची, दुसऱ्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा, आणि नंतर बराच वेळ उताणं पडून राहायचं. “डोकं वर केलं तर रक्तदाब एकदम पडेल. मग माझ्या हातात काही नाही,” डॉक्टर दर वेळी बजावायचे. वडील मान डोलवायचे. जन्मभर कापसाच्या जिनात कारकुनी केलेला माणूस, मान डोलवणं त्यांच्या अंगवळणीच पडलं होतं.

त्या दुपारी सुई लागू पडली. नाडी धरून डॉक्टर म्हणाले, “उतरले ठोके,” आणि हात धुवायला आत गेले. मी उशाशी बसले होते. खरं सांगते, मला जराही बरं वाटलं नाही. प्रत्येक खेपेला औषधाचा गुण आधीपेक्षा लवकर सरत होता. आम्ही फुटक्या माठात पाणी भरत होतो.

तेवढ्यात माझे सासरे आले. जळगाव जामोदहून बस धरून, संत्र्यांची पिशवी घेऊन. आजाऱ्याला पाहायला व्याही आला नाही तर लोक वर्षभर चघळतात. मी डोक्यावरून पदर ओढून उभी राहिले. सासऱ्यांसमोर सुनेनं बसायचं नाही, बोलायचं तर नाहीच. आणि मुलीचा बाप व्याह्यासमोर पाय पसरून पडत नाही, मरत असला तरी. वडिलांनी कोपर टेकलं.

“बाबा, उठू नका!” मी ओरडलेच. “मामंजी, तुम्ही तरी सांगा त्याईले!”

लग्नानंतर सासऱ्यांसमोर माझा आवाज पहिल्यांदाच निघाला. ते अवघडून दाराकडे पाहू लागले. वडिलांचं तोंड एवढंसं झालं.

“पोरगी तुमच्यासमोर बोलली, इवाई. पोटात घाला,” म्हणत ते उठून बसलेच. पाय खाली सोडले, उभे राहिले आणि दोन्ही हात जोडले.

“पडून राहा ना हो! काऊन उठता?” सासरे म्हणाले. म्हणताना त्यांनीही रिवाजाप्रमाणे हात जोडलेलेच होते.

वडिलांचे डोळे फिरले आणि ते खाटेवर आडवे कोसळले. डॉक्टर ओल्या हातांनी धावत आले. पट्टा फुगवला, सोडला, पुन्हा फुगवला. छातीवर दाबून पाहिलं.

“दुसरी सुई द्या ना, डॉक्टरसाहेब,” मी म्हणाले.

“आता कोणाले देऊ?” ते म्हणाले, आणि कानातल्या नळ्या काढून ठेवल्या.

माझ्या एका वाक्याची माफी मागता मागता माझा बाप गेला. आणि ते वाक्य बरोबरच होतं.