लेकीकडे मी आपखुशीने आलो

पांढुर्ण्याच्या फलाटावर माझ्या थोरल्या भावाने माझ्या सामानाला हात लावला नाही. बॅगा माझा मुलगा प्रशांत उचलत होता. नागपूरची गाडी दिसू लागली तेव्हा चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात दादा म्हणाला, "पोरगा जिता हाय अन् बाप लेकीच्या दारी राहाले जाऊन राहिला. पाहून घ्या." माणसांनी पाहून घेतले. मी नागपूरला उतरण्यापूर्वीच गावात माझ्या जाण्याची हकिकत तयार झाली असावी: मुलाने मास्तरला घराबाहेर काढले.

ही हकिकत खोटी आहे. पत्नीच्या पश्चात मला दोन्ही मुलांनी बोलावले होते. प्रशांतने नागपूरच्या फ्लॅटमध्ये माझ्यासाठी खोली रंगवून ठेवली होती. मी मेलबर्नला लेकीकडे, वैशालीकडे जायचे ठरवले, कारण वैशाली माझ्याशी भांडते. प्रशांत सगळे ऐकून घेतो, आणि ऐकून घेणाऱ्या माणसाबरोबर म्हातारपण काढणे मला जमले नसते. माझे कारण एवढेच होते. ते कोणालाच पुरले नाही.

न पुरण्याचे मूळ जुने आहे. आमच्याकडे बाप लग्न झालेल्या लेकीच्या घरचे पाणीही पीत नाही. माझी बहीण कमलताई तिगावला दिलेली होती. बागेतली पहिली संत्री उतरली की वडील पिशवी भरून तिच्याकडे जात, मलाही नेत. ओसरीवर बसत, नातवंडांना मांडीवर घेत आणि कोरड्या तोंडाने उठत. एकदा भर उन्हात ताई तांब्या घेऊन आडवी उभी राहिली. "बाबा, माह्या घरचं पानी कडू हाय काय?" वडील म्हणाले, "गोड हाय बाई. पन बापाले पचत नाई." स्टेशनात आल्यावर ते नळाला तोंड लावून कितीतरी वेळ पीत राहिले.

सौसरच्या शाळेत मी आयुष्यभर इंग्रजी शिकवली. अवघड शब्द फोडून दाखवायची माझी पद्धत होती. 'मिसॉजिनी' हा शब्द ग्रीक: 'मिसोस' म्हणजे द्वेष, 'गिनी' म्हणजे स्त्री. आजची मुले हा शब्द माझ्या वडिलांसारख्यांना लावतात. मला तो मान्य नाही. द्वेष करणारा माणूस पहिली संत्री घेऊन उन्हात चालत नाही. दादासारखी माणसे त्याच रिवाजाला लेकीचा मान म्हणतात. तेही मला मान्य नाही. तो मान ताईला नको होता, तिला बापाने पाणी प्यायला हवे होते.

इथे मेलबर्नला शेजारी एलेनी राहते. जन्माने ग्रीक, लग्न होऊन जहाजाने आलेली, माझ्याहून मोठी आणि माझ्याइतकीच हट्टी. बॅकयार्डच्या कुंपणावरून आमचे वाद चालतात. असले शब्द इंग्रजांनी आमच्या ग्रीक भाषेच्या विटा नेऊन बांधले, त्यांचा पाढा मला म्हणून दाखवू नकोस, असे ती मला सुनावते. एकदा तिने विचारले, "माझ्या बापाचा माझ्यावर फार जीव होता आणि त्याने मला शाळेत घातले नाही. याला तुझ्याकडे कोणता शब्द आहे?"

मी 'पॅट्रिआर्की' म्हणालो. 'पातेर' म्हणजे बाप, 'आर्खे' म्हणजे सत्ता. म्हणता म्हणता तिगावचा नळ डोळ्यांसमोर आला आणि माझे मलाच पटेना. ज्या बापाला लेकीच्या हातचे घोटभर पाणी पिण्याची मुभा नव्हती, त्याची सत्ता ती कसली? नळाची गोष्ट एलेनीला सांगितली तेव्हा ती हसली. "असा बाप आमच्याकडेही होता," एवढेच म्हणून ती आत गेली.

गेल्या हिवाळ्यात दादाच्या नातीच्या लग्नाला प्रशांत पांढुर्ण्याला गेला. पंगतीत कोणीतरी वाढणाऱ्याला सांगितले, याले वाढ बापा, हा बापाले पोसत नाई, याच्या घरी उरते खूप. लोक हसले. प्रशांत खाली मान घालून जेवला. हे मला वैशालीकडून कळले. मी त्याला व्हिडिओ कॉल केला आणि खडसावले, की खरे काय ते तिथेच का सांगितले नाहीस?

तो म्हणाला, "बाबा, तुमी आपल्या मर्जीनं लेकीकडे गेले म्हनून सांगतलं असतं तं लोकं तुमाले हासले असते. त्यापक्षा मले हासू द्या ना."

गावाला मान्य होईल असा बाप राहावा म्हणून माझा मुलगा इतकी वर्षे वाईट मुलगा होऊन बसला होता, आणि मी इथे वैशालीच्या हातचा चहा पीत शब्दांची मुळे काढत होतो.

म्हणून पांढुर्ण्यातल्या, सौसरातल्या आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्या सर्वांसाठी लिहितो. प्रशांतने मला काढले नाही. मी आपखुशीने आलो, लेकीचे खातो, लेकीचे पितो, आणि ते मला पचते. मला अग्नीही वैशालीच देईल, तसे प्रशांतला सांगून झाले आहे. हसायचे असेल तर मला हसा.

मेलबर्नमध्ये माझ्याविषयी कोणी काय बोलते याची मी कधी चौकशी केलेली नाही. पांढुर्ण्यात एका पंगतीत बोललेले वाक्य मला इथे झोपू देत नाही. तुझे घर कोणते, असे एलेनी विचारते तेव्हा मी तिला हे सांगतो.