अंजनाचा डावा कान

विटा–इस्लामपूर गाडीवरची कंडक्टर अंजना म्हणजे बोलकं माणूस. तिच्या गाडीत कुणाला डुलकी लागायची नाही. पण गेल्या वर्षी ताकारी गावाला उतरायच्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "बाई, ताकारी कवा येनार?" तशी ती म्हणाली, "आवं आजोबा, यष्टीत ताक कुठलं मिळायचं?"

सगळी गाडी हसली. सगळ्यांत जास्त अंजना हसली. ड्रायव्हर गुंडाभाऊ मात्र हसले नाहीत. गाडी थांबल्यावर ते म्हणाले, "ताई, डाव्या अंगाला बोललेलं तुमाला न्हाई कळत. कान दावा कुनाला तरी."

कान लहानपणापासूनच वाहत होता. औषधाचे थेंब घातले की थांबायचा, महिन्याभराने पुन्हा सुरू. सासूबाई, धोंडुबाई, लसणीचं तेल कोमट करून घालायच्या. वास लपवायला अंजना कानात अत्तराचा बोळा ठेवायची. अलीकडे तर चक्करही येत होती. शेवटी सुट्टीच्या दिवशी तिने सांगली गाठली.

डॉक्टर सोनम वयाने तिच्याहून लहान. त्यांनी चिमट्यासारखा दोन दातांचा पोलादी ट्यूनिंग फोर्क वाजवून अंजनाच्या कपाळावर टेकवला. "आवाज कुठल्या कानात येतो?"

"डाव्या! आवं, पन त्योच तर बिघडलाय. चिमटा खराब हाय तुमचा."

डॉक्टर खुश झाल्या. "चिमटा ठीक आहे. तुमची ऐकण्याची नसही ठीक दिसते. आवाज वाटेतच अडतोय."

मग दुर्बिणीतून कान स्क्रीनवर दिसला. कानाच्या फाटक्या पडद्याआड मोत्यासारखा पांढरा गोळा. "याला कोलेस्टिॲटोमा म्हणतात. हा कॅन्सर नाही. कातडी आत शिरून साचत गेलीय आणि कानातली बारकी हाडं खातेय. तसंच ठेवलं तर चेहऱ्याच्या नसेला, मेंदूलाही धोका. थेंबांनी हे जात नाही. ऑपरेशनच करायला हवं." स्कॅनमध्येही तेच दिसलं.

"कान कापून घ्यायला चाललीस व्हय गं?" धोंडुबाई कळवळल्या. अंजना पण आतून घाबरली होती. ऑपरेशनमध्ये चेहऱ्याच्या नसेला धक्का लागून तोंड वाकडं झालं तर गाडीत बोलणार कसं?

भूल उतरली तेव्हा डॉक्टर वाकून म्हणाल्या, "डोळे घट्ट मिटा. आता हसा बघू."

अंजना अशी हसली, की शेजारच्या खाटेवरची बाईही हसायला लागली. दोन्ही गाल सारखे वर गेले होते.

गोळा निघाला, कान कोरडा झाला. नऊ महिन्यांनी दुसरं ऑपरेशन करून पुन्हा आत बघितलं, तेव्हा काही उरलं नव्हतं. त्याच वेळी तांदळाच्या दाण्याएवढं कृत्रिम हाड बसवलं. पहिल्यासारखं शंभर टक्के ऐकू येणार नाही, आणि तपासणीला येत राहायचं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

एका सकाळी अंजना वेणी घालत होती. डाव्या बाजूला चुलीपाशी धोंडुबाई पुटपुटल्या, "कान बरा झाला, आता तोंडाला काय तरी औषध मिळालं तर लय बरं हुईल."

"त्याला न्हाई औषध, आत्या," अंजना म्हणाली.

धोंडुबाईंची भाकरी तव्यावर तशीच राहिली. "आईकलंस व्हय गं?" म्हणत त्या उठल्या आणि पिठाच्या हातांनीच त्यांनी सुनेला जवळ घेतलं.