मेणाचा पाय आणि माझा गुडघा

आता ही फजिती सांगू की नको? सांगतेच, तुमचा चहा संपेपर्यंत होईल.

आम्ही तेव्हा अंबरनाथला. कारखान्यात पडून ह्यांचा गुडघा मोडला. प्लास्टर निघालं, मालिश झाली, पाय सरळ होईना. दिवसभर मशीनपुढे उभं राहायचं काम. पाय नाही तर नोकरी नाही. शेजारची फिलोमिना म्हणाली, खाडीकडच्या टेकडीवर मेरीमाता आहे, तिला मेणाच्या पायाचा नवस बोल. मी बोलले. वर उत्साहाने म्हटलं, ह्यांच्या सायकलवरून घेऊन येईन!

आणि पाय झाला हो सरळ! सोमवारी कामावर जायचं ठरलं, म्हणून रविवारी आम्ही दोघी दोन सायकलींवर निघालो. मेणाचे पाय चर्चच्या दारातच मिळतात. पण देवाला न्यायची वस्तू आधी घरच्या देवांपुढे ठेवायला नको? मी तो फिलोमिनाकडून आधीच मागवून, हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवला होता. तोच सुतळीने कॅरिअरला बांधला.

मे महिन्याचं ऊन! वर पोचून सुतळी सोडते, तर पाय गुडघ्यात दुमडलेला. मी तिथंच रडायला लागले. उद्या ह्यांचं काय होणार?

फिलोमिना म्हणाली, दारात नवा घे.

"नवा कसा घेऊ? हळदकुंकू लागलंय. हा ह्यांचाच पाय आहे आता."

"मग ने तसाच. इथं येऊन सगळे गुडघे टेकतात, तुझा वाटेतच टेकून आलाय."

आत पाऊल टाकलं आणि माझं रडू थांबलं. काय सांगू तुम्हाला! पोर्तुगीजांच्या वेळचं ते चर्च. पिळदार खांब, त्यांवर लाकडी द्राक्षांचे घोस, सोन्याच्या वेलबुट्टीची भिंत थेट छतापर्यंत, ढगांतून डोकावणारी गुबगुबीत बाळं. आणि मधोमध ती, निळ्या वस्त्रात, माझ्याकडेच बघत. वाकडा पाय तिच्यापुढे ठेवला, गुडघे टेकले आणि पुटपुटले,

"आई, तो माझ्यामुळे वाकला. ह्यांचा सरळच राहू दे. वाकवायचाच असेल, तर माझा वाकव."

सोमवारी हे ताठ चालत कामावर गेले. मी अंथरुणातच! इतक्या वर्षांनी सायकल हाणलेली, उजवा गुडघा दुमडलेला तो सरळच होईना. आई इतक्या लवकर ऐकेल, असं मला तरी कुठं वाटलं होतं?

दुपारी फिलोमिना दारातून डोकावली. गुडघा बघून पदर तोंडाला लावत म्हणाली,

"बोलू का गं आणखी एक पाय? पण ह्या वेळी दारातच घेऊ."