कपाच्या तळाची साखर

ती घटना आठवली की आजही चहात साखर घालताना माझा हात थांबतो. ऐंशीच्या दशकातला हिवाळा, अमेरिकेत डेट्रॉइटजवळचं ट्रॉय. आमच्या पोलीस ठाण्यात मराठी बोलणारा मी एकटाच. या भाषेचा नोकरीत कधी उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

तक्रारदार जर्मन वंशाचा, ऐंशी ओलांडलेला एकटा म्हातारा. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या आठवणीसाठी जर्मनीत बनलेले चिनी मातीचे कप तो जमवत असे. प्रत्येक कपावर एका सैनिकाचं नाव. रिकामा कप उजेडाकडे धरला की तळात त्याचा चेहरा उमटायचा. पहिला चेहरा पाहिला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

"एखादा कप नाहीसा होतो," म्हातारा म्हणाला. "दोन दिवसांनी कपाटात जागेवर असतो. धुतलेला, आणि तळाशी साखर. ही कपांवरची पोरं येऊन पिऊन जातात."

मागच्या दाराला तो कडी लावतच नसे. त्याच्या मुलाने मला स्पष्ट सांगितलं, "चोर सापडला तर कुलपं बदलतो. नाहीतर बाबांना वृद्धाश्रमात ठेवतो." म्हाताऱ्याने ते ऐकलं आणि माझी बाही धरली. "मला या घरातून हलवू देऊ नकोस."

कपांवर ठसे घेतले. काही म्हाताऱ्याचे, काही अनोळखी. मग पोस्टमनने खबर दिली, की भरदुपारी बर्फातून पांढरं पांघरलेली एक आकृती त्या मागच्या दाराशी जाते. सहकारी हसले. पोस्टमन हसला नाही. मी मात्र साखरेपाशीच अडकलो होतो. चोर कधी काही ठेवून जातो का? माझी आई ठेवायची. शेजारणीचं भांडं तिने कधी रिकामं परत केलं नाही.

शेजारच्या पत्रपेटीवर मराठी आडनाव होतं. दार उघडलं ते तिथे राहणाऱ्या मराठी इंजिनिअरच्या आईने. अंगावर पांढरी शाल.

"अगंबाई, पोलीस! आणि मराठी?"

"घाबरू नका काकू. त्या आजोबांचे कप तुम्ही नेता?"

"मी कशाला नेऊ? तेच देतात, कॉफी भरून. घरी ने म्हणून खूण करतात. सूनबाई रागावेल, म्हणून ती दोघं ऑफिसला गेली की जाते. परत द्यायला जावं तर ते झोपलेले असतात. मग जागेवर ठेवून येते. रिकामा कसा ठेवू, बरं दिसतं का?"

छडा लागल्याचा आनंद दारापुढच्या पायऱ्या उतरेपर्यंतच टिकला. चोर नव्हताच. म्हातारा स्वतःच्या हाताने कप देत होता आणि विसरत होता. जबाब खोटा लिहावा असं मनात आलं, हे कबूल करतो. खरा लिहिला. पंधरा दिवसांत म्हाताऱ्याचं घर रिकामं झालं.

काकूंकडे एक कप राहिला होता. त्यांनी तो साखरेने काठोकाठ भरून माझ्या हाती दिला. "कुणाला देऊ हो आता?" म्हणत त्या रडल्या.

मी तो वृद्धाश्रमात नेला. म्हाताऱ्याने साखर बशीत ओतली, कप खिडकीकडे धरला आणि कितीतरी वेळ तो चेहरा पाहत बसला.

"हा आला," तो म्हणाला. "जाताना दार लावू नकोस. बाकीचे यायचेत."

खरं शोधून काढलं की कुणाचं तरी भलं होतं, असं मी तोवर धरून चाललो होतो. चोर सापडावा म्हणून मी देवाचा धावा केला ती माझ्या नोकरीतली एकच केस. त्याचं दार मी उघडंच ठेवून आलो.