चाकामागचा ठोकळा

नव्या गाडीत हँडब्रेकचा दांडा नाही. दोन सीटांच्या मध्ये, जिथे तो असायचा, तिथे बाटली ठेवायची खोबण आहे आणि गिअरच्या मागे अंगठ्याएवढं एक बटण. ते वर ओढलं की मागच्या चाकांतून घर्रर्र असा बारीक आवाज येतो, समोर लाल दिवा लागतो आणि ब्रेक लागतो. ब्रेकवर पाय ठेवून तेच बटण खाली दाबलं की सुटतो. गाडी बंद केली तर तो आपला आपणच लागतो. शोरूममधल्या माणसानं मला हे दोनदा समजावलं आणि शेवटी म्हणाला, "सर, आता तुम्ही विसरलात तरी गाडी विसरणार नाही."

तो सहज बोलला. मला मात्र त्या दिवशी घरी आणलेल्या पेढ्यांची चव लागली नाही. कारण अकरा वर्षांपूर्वी मी एकदा हँडब्रेक लावला नव्हता, आणि तो दोष माझ्या बायकोच्या नावावर गेला. मी तो जाऊ दिला. मी मुळात कमी बोलणारा माणूस. लोक याला स्वभाव म्हणतात. या एका बाबतीत तो स्वभाव नव्हता, लबाडी होती. एवढं आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल.

नव्या बटणाची सवय व्हायला मला तीन आठवडे लागले. सिग्नलला थांबलो की डावा हात आपोआप मागे जायचा आणि पाण्याची बाटली उपटून वर यायचा.

"काय करून राहिले हो?" शेजारी बसलेली बायको विचारायची. "प्रत्येक सिग्नलला तहान लागते का तुम्हाला?"

"पिऊ दे वं त्याले," मागच्या सीटवरून आई. "नवी गाडी घेतली, घसा कोरडा पडनारच."

सीताबर्डीच्या बाजारात तर वेगळीच पंचाईत झाली. आमच्याकडे पार्किंगमध्ये गाड्या दाटीवाटीनं, एकीच्या मागे दुसरी अशा लावतात. सांभाळणारा आधीच ओरडतो, "साब, न्यूट्रल में छोडो, हँडब्रेक मत लगाव!" मग मागची गाडी काढायची असली की पुढच्या चार गाड्या तो ढकलत ढकलत बाजूला करतो. आमचं नागपूर सपाट, गाडी कुठे पळून जात नाही. आयुष्यभर मी अशीच गाडी सोडून खरेदीला गेलो आहे. या खेपेला परत आलो तर तो आणि आणखी दोघं माझ्या गाडीला पाठ लावून उभे.

"साब, ये गाडी है के पत्थर? हिलतीच नहीं!"

"बंद केली की ब्रेक लागतो तिचा, आपोआप."

"तो फिर यहाँ मत लाओ ना साब," तो घाम पुसत म्हणाला. "यहाँ ढकलनेवाली गाडी चाहिए."

बायको हसली. मीही हसलो. पण मनात आलं, हीच ती सवय. न्यूट्रल करायचं, दांडा खाली ठेवायचा आणि चालू पडायचं.

आता ठोकळ्याचं सांगतो. आमच्या डिकीत लाकडाचा एक ठोकळा असतो. ट्रकवाले चढावर चाकामागे लावतात तसा. कोराडीच्या कॉलनीत राहत होतो तेव्हाच्या सागवानी पलंगाचा मोडका पाय सुताराकडून तिरका कापून बायकोनं त्या घटनेनंतर तो बनवून घेतला. ओढायला म्हणून त्याला निळी दोरी बांधली. बाजारातलं ढकलाढकलीचं पार्किंग सोडलं, तर गाडी कुठेही थांबली, की आधी ती उतरायची आणि मागच्या चाकाला ठोकळा लावायची. घरासमोर, दवाखान्यासमोर, लग्नाच्या हॉलसमोर, अगदी ताटासारख्या सपाट रस्त्यावरसुद्धा. शेजारचे विचारायचे, "वहिनी, गाडी बांधून ठेवता का खुंट्याला?" ती म्हणायची, "असू द्या." आणि आई ठोकळा लागल्याशिवाय खाली पाय ठेवायची नाही. आतूनच हाक, "लाकूड लावलं का वं?"

जुनी गाडी विकली तेव्हा बायकोनं तिच्यातून दोन वस्तू काढून घेतल्या. काचेला लावलेली गणपतीची छोटी मूर्ती आणि हा ठोकळा.

अकरा वर्षांपूर्वीचा तो दिवस असा. कुहीच्या पुढे आईचं माहेर आहे, धानाच्या बांध्यांमधलं, चहूकडे भातखाचरं असलेलं गाव. तिथल्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, एक देवी आहे. लग्नाहून परतताना आई म्हणाली, देवीले नारळ फोडून जाऊ. पाळीवर चढणाऱ्या कच्च्या रस्त्यावर मी गाडी थांबवली. चढ फारसा नव्हता, चाक एका ढेकळाला टेकलं होतं, गाडी उभी राहिली. मी न्यूट्रल केलं, किल्ली काढली आणि उतरून देवीपाशी कोण आहे ते बघायला गेलो. आई उतरून गाडीच्या मागे पदर नीट करत उभी राहिली. बायको पुढच्या सीटवर होती. नारळाची पिशवी घ्यायला ती मागे वळली, वाकली. तेवढ्यानं ढेकूळ फुटलं असावं. गाडी मागे सरकली.

आईची किंकाळी ऐकून मी धावलो. दार उघडून आत हात घातला. दांडा पार खाली होता. मी तो वर ओढला. टक टक टक, दातऱ्यांचे सात-आठ आवाज. आईच्या ओरडण्यात ते माझ्याशिवाय कुणीच ऐकले नाहीत.

बायको पांढरीफटक पडली होती. म्हणाली, "माझा कोपर लागला का हो दांड्याला?"

मी म्हणालो, "आधी आईला उचल."

आईच्या मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, सळई टाकली, काठी आली ती कायमची. दवाखान्यात जो येईल त्याला बायको स्वतःच सांगायची, "माझा कोपर लागला, हँडब्रेक सुटला." मी पलंगाशी उभा राहून एक्स-रे बघत असायचो. हँडब्रेक कोपरानं सुटत नाही. त्याच्या टोकाला बटण असतं, ते दाबावं लागतं. मला ते पक्कं माहीत होतं. तिला माहीत नव्हतं, कारण तिच्या ड्रायव्हिंग क्लासला तेव्हा जेमतेम तीन दिवस झाले होते. मग तिनं क्लास सोडला. लर्निंग लायसन्स कपाटातल्या साड्यांखाली गेलं.

मी वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये काम करतो. आमच्याकडे साधा पंप दुरुस्तीला काढायचा तरी आधी स्विच बंद, त्याला कुलूप, त्यावर लाल पाटी. नव्या मुलांना मीच शिकवतो: बंद केलं असेल असं म्हणायचं नाही, हात लावून बघायचं. तिथे चूक झाली की चौकशी बसते आणि पाच मिनिटांत मी खरं सांगून मोकळा झालो असतो. घरी चौकशी बसली नाही. बायकोनं स्वतःच कबुली दिली होती, आईला ती पटली होती, माझं काम बिनबोभाट झालं होतं.

त्याची किंमत तिनं भरली. पारशिवनीला तिचे वडील आजारी असताना ती माझी ड्युटी सुटण्याची वाट बघत फाटकाशी उभी राहायची. मी आलो की आम्ही निघायचो. दोनदा उशिरा पोचलो. दुसऱ्यांदा फार उशिरा.

आणि आईची जीभ. आई दुष्ट नाही, पण दुखतं तेव्हा बोलते. "माया पाय नेला, पन मालिश बाकी चांगली करते माई सून," असं पाहुण्यांसमोर म्हणायची. पाहुणे हसायचे. बायको तेल कोमट करून आणायची. मी वरण-भात कालवत बसलेला असायचो.

मग ही गाडी आली. आपण विसरलो तरी न विसरणारी. आई म्हणाली, पूजा त्याच देवीपाशी करायची, तिथेच खोळंबलेला नारळ फुटू दे. मी हो म्हणालो आणि मनाशी ठरवलं, तिथेच सांगायचं. घरी सांगितलं असतं तर उठून दुसऱ्या खोलीत जायची सोय होती.

पाळीच्या त्याच चढावर गाडी थांबवली. बंद केली. घर्रर्र झालं, लाल दिवा लागला. बायको लिंबं आणि ठोकळा घेऊन उतरली. चारही चाकांपुढे लिंबं ठेवली आणि ठोकळा घेऊन मागे गेली.

"लाकूड लावलं का वं?" आतून आई.

मी उतरून बायकोजवळ गेलो. "थांब. लावू नको."

"काहून?"

"त्या दिवशी हँडब्रेक मी लावलाच नव्हता."

ती वाकलेली होती, तशीच राहिली. मग सावकाश सरळ झाली. "माझा कोपर..."

"कोपरानं सुटत नाही तो. बटण दाबावं लागतं. मी आत हात घातला तेव्हा दांडा खाली होता. मीच वर ओढला."

तलावावरून वारा येत होता. ठोकळ्याची निळी दोरी तिच्या मनगटाला गुंडाळलेली होती. ती सोडवत म्हणाली, "त्यांनाही सांगा. मोठ्यानं सांगा. त्यांना कमी ऐकू येतं."

पहिल्यांदा सांगणं मी अकरा वर्षं मनात घोकलं होतं. दुसऱ्यांदा सांगणं घोकलेलं नव्हतं. खिडकीपाशी जाऊन मी आईला सगळं सांगितलं, मोठ्यानं. देवीपाशी बसलेला पुजारीसुद्धा वळून बघायला लागला.

आई म्हणाली, "मंजे मी हिले फुकटच बोलली?"

"हो."

"अन् तू ऐकून राहिला?"

"हो."

"ऐकून काय राहिला! बाजूले बसून जेवून राहिला गा तू! दुसऱ्यांदा भात मांगून राहिला!"

भात मी खरंच मागितला होता.

आईनं दार उघडलं. पहिल्यांदाच तिनं ठोकळा लागायची वाट बघितली नाही. काठी टेकत उतरली, बायकोपाशी गेली आणि तिचा हात धरला. माफी वगैरे शब्द आमच्या घरात कुणी वापरत नाही. ती म्हणाली, "चाल वं बाई, नारळ आपन दोघी फोडू. याले राहू दे गाडीपाशी. राखन करू दे."

जाता जाता बायकोनं ठोकळा माझ्या हातात दिला. "लावा."

"आता आपोआप..."

"लावा म्हटलं ना."

मी लावला.

परतताना ती मागे आईजवळ बसली. माझ्या शेजारच्या सीटवर खोबऱ्याच्या वाट्या होत्या. पुढचे आठ दिवस ती कामापुरतं बोलली: गॅस संपला, दूधवाला आला नाही, आईची गोळी आणा. मी मनवायला गेलो नाही. तो तिचा हक्क होता, आणि खरं सांगायचं तर मला आता झोप लागत होती. त्याचीही थोडी लाज वाटली.

नवव्या दिवशी सकाळी चहाचा कप ठेवत ती म्हणाली, "दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तेव्हा मी तुम्हाला विचारलं होतं, कोपर लागला का. तुम्ही काय म्हणाले होते?"

"आधी आईला उचल, असं."

"हं. मलाही तेच आठवत होतं." ती खुर्चीत बसली. "इतकी वर्षं मी माहेरी सांगत आली, की एवढं झालं, पण यांनी मला कधी एका शब्दानं दोष दिला नाही. बाबांनाही सांगितलं होतं. ते म्हणाले, नशीब काढलंस."

आईच्या बोलण्यापेक्षा हे फार आत गेलं. माझ्या गप्प बसण्याला तिनं मोठेपणा समजून जपून ठेवलं होतं. मी चहाचा कप बाजूला सरकवला. म्हणालो, "आता काय सांगशील?"

"जे आहे ते सांगीन. तुम्हीच चला सांगायला."

गेलो. पारशिवनीला तिच्या भावासमोर बसून तिसऱ्यांदा सांगितलं. त्यानं पाणी दिलं, चहा दिला नाही.

दुसरी गोष्ट तिनं त्या सकाळीच विचारून टाकली होती: "क्लास सकाळचा असतो का संध्याकाळचा?"

क्लासच्या गाडीला जुना दांडा होता. पहिल्या दिवशी शिकवणाऱ्याला तिनं आधी तेच दाखवायला लावलं. दांडा वर ओढला, कोपरानं त्याला चांगले चार-पाच धक्के दिले, अंग टेकवून बघितलं. सुटला नाही. मग बटण दाबलं तेव्हा सुटला. हे तिनं घरी येऊन आईला सांगितलं, मला नाही. मी दुसऱ्या खोलीतून ऐकलं.

आता गाडी बहुतेक तीच चालवते. माझ्यापेक्षा बरी चालवते. पारशिवनीच्या रस्त्यावर कोळशाच्या ट्रकांना मी अजून दबकतो, ती हॉर्न देऊन निघते. तिच्या हाताला दांड्याची वर्षानुवर्षांची सवय नव्हती, त्यामुळे बटण तिला दोन दिवसांत जमलं. एका बोटानं ओढते. घर्रर्र, लाल दिवा. मग ती आरशात बघत थांबते.

मी उतरतो, डिकी उघडतो आणि ठोकळा चाकाला लावतो. परवा एका पार्किंगमध्ये तिथला माणूस म्हणाला, "साब, इसमें तो अपने आप लगता है ना?" मी म्हणालो, "हाँ भाई, मालूम है." त्यानं विचारलं असतं तर पुढचंही सांगितलं असतं. आता मला कुणालाही सांगता येतं.

वाकून उठेपर्यंत मागच्या काचेवर काठीची टकटक होते.

"लाकूड लावलं का गा?"

"लावलं, आई. उतर."